इंग्रजीतील तरतमभाव: तुलनादर्शक शब्दांचा अर्थ आणि वापर

‘तारतम्य’ हा शब्द आपण नेहमी वापरतो, पण तो कशापासून बनला याकडे सहसा लक्ष जात नाही. संस्कृतात विशेषणाला ‘तर’ प्रत्यय लावला की दोहोंत अधिक आणि ‘तम’ लावला की सर्वांत अधिक असा अर्थ होतो, आणि या दोन प्रत्ययांच्या जोडीतूनच ‘तारतम्य’ तयार झाले. गणितातील लसावि आणि मसावि यांच्या पोटात दडलेले ‘लघुतम’ आणि ‘महत्तम’ हे शब्द त्याच घराण्यातले आहेत. बोलत्या मराठीने मात्र ही रूपे बाजूला ठेवली. आपण ‘उंचतर’ म्हणत नाही, ‘माझ्यापेक्षा उंच’ म्हणतो. तुलनेचा सगळा भार ‘पेक्षा’ एकटा उचलतो आणि ‘उंच’ हे विशेषण जसेच्या तसे राहते.

इंग्रजीत तसे नाही. तिथे तुलना एकाच वेळी दोन ठिकाणी दाखवावी लागते: एकदा विशेषणाच्या रूपात आणि एकदा ‘दॅन’ या शब्दात. मराठी माणसाच्या इंग्रजीतील तुलनेच्या बहुतेक चुका या एका फरकातून जन्मतात, असे मला वह्या तपासताना वारंवार दिसले आहे. ‘माझा भाऊ माझ्यापेक्षा उंच आहे’ याचे भाषांतर विद्यार्थी ‘माय ब्रदर इज टॉल दॅन मी’ असे करतो, तेव्हा त्याने निष्काळजीपणा केलेला नसतो. त्याने मराठीचा नियम प्रामाणिकपणे पाळलेला असतो. ‘पेक्षा’च्या जागी ‘दॅन’ ठेवला आणि ‘उंच’ला हात लावला नाही. ‘टॉल’चे ‘टॉलर’ करायचे राहून गेले, कारण मराठीत तशी सवयच नाही. जागेचा फरकही ध्यानात ठेवावा. ‘पेक्षा’ नामाच्या किंवा सर्वनामाच्या मागून चिकटतो, तर ‘दॅन’ त्याच्या आधी उभा राहतो.

पहिली पायरी: कोणत्या प्रकारची तुलना करायची आहे ते ठरवणे

शाळेत पॉझिटिव्ह, कम्पॅरेटिव्ह आणि सुपरलेटिव्ह अशा तीन डिग्री शिकवल्या जातात. नावे पाठ असली तरी वाक्य लिहिताना उपयोग होतो तो प्रश्नांचा. गुण नुसता सांगायचा आहे किंवा दोन गोष्टी सारख्याच आहेत असे म्हणायचे आहे का? मग मूळ रूप, म्हणजे पॉझिटिव्ह. दोन बाजू आहेत आणि एक बाजू वरचढ आहे का? मग कम्पॅरेटिव्ह. तीन किंवा अधिकांच्या गटातून एकाला वर काढायचे आहे का? मग सुपरलेटिव्ह. इथे ‘दोन’ म्हणजे दोन बाजू, दोन माणसे नव्हेत. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला उरलेले सर्व असले, तरी रूप कम्पॅरेटिव्हच लागते.

दुसरी पायरी: विशेषणाचे रूप बनवणे

रूप कसे बनवायचे हे शब्दाच्या लांबीवर ठरते आणि लांबी मोजायची ती अक्षरांनी नव्हे, सिलॅबलने, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याने. ‘स्ट्राँग’च्या स्पेलिंगमध्ये सहा अक्षरे असली तरी सिलॅबल एकच आहे, ‘ईझी’त अक्षरे चारच, पण सिलॅबल दोन आहेत.

एका सिलॅबलच्या शब्दाला शेवटी ‘अर’ आणि ‘एस्ट’ लागतात: टॉल, टॉलर, टॉलेस्ट, फास्ट, फास्टर, फास्टेस्ट. उच्चार सोपा आहे, अडचण स्पेलिंगची असते. शब्दाच्या शेवटी एकच स्वराक्षर आणि त्यानंतर एकच व्यंजनाक्षर असेल, तर ते व्यंजन दोनदा लिहावे लागते. म्हणून ‘बिगर’मध्ये जी दोनदा येतो आणि ‘हॉटर’मध्ये टी दोनदा येतो. ‘चीप’मध्ये पी-आधी दोन स्वराक्षरे असल्याने ‘चीपर’मध्ये पी एकच राहतो आणि ‘स्लो’सारख्या शब्दातील शेवटचा डब्ल्यू कधीच दुप्पट होत नाही. शेवटी आधीच ई असेल, जसा ‘लार्ज’मध्ये आहे, तर फक्त आर किंवा एसटी जोडायचे.

तीन किंवा अधिक सिलॅबलच्या शब्दांना ‘मोर’ आणि ‘मोस्ट’ लागतात: मोर ब्यूटिफुल, मोस्ट इम्पॉर्टंट. ‘अनहॅपी’ला तीन सिलॅबल असूनही ‘अनहॅपिअर’ हे रूप चालते, कारण ‘अन’ हा पुढे जोडलेला उपसर्ग आहे आणि मूळ शब्द ‘हॅपी’ आहे.

खरा घोळ दोन सिलॅबलच्या शब्दांत आहे. शेवटी वाय असेल तर त्याचा आय होतो आणि पुढे प्रत्यय येतो: हॅपी, हॅपिअर, हॅपिएस्ट, ईझी, ईझिअर, ईझिएस्ट. ‘सिंपल’ आणि ‘नॅरो’ यांसारख्या शब्दांनाही प्रत्यय शोभतो: सिंपलर, नॅरोअर. पण ‘केअरफुल’, ‘यूजलेस’, ‘बोरिंग’, ‘मॉडर्न’, ‘फेमस’ यांना ‘मोर’च हवा. ‘क्लेव्हर’ आणि ‘क्वाएट’ यांसारख्या काहींची दोन्ही रूपे आढळतात. शंका आली आणि शब्दकोश जवळ नसला, तर दोन सिलॅबलच्या शब्दाला ‘मोर’ लावावा. ‘मोर सिंपल’ थोडे अवघडलेले वाटेल, पण ‘फेमसर’ हा उघड प्रमाद ठरतो. ‘टायर्ड’ आणि ‘बोअर्ड’ यांसारखी क्रियापदापासून आलेली विशेषणे आखूड असली तरी ‘मोर’च घेतात, हेही लक्षात ठेवावे.

काही शब्द कोणत्याच चौकटीत बसत नाहीत आणि ते पाठच करावे लागतात. ‘गुड’ आणि ‘वेल’ या दोहोंचे बेटर, बेस्ट होते, ‘बॅड’चे वर्स, वर्स्ट, ‘लिटल’चे लेस, लीस्ट, ‘मच’ आणि ‘मेनी’ या दोहोंचे मोर, मोस्ट. ‘फार’ची दोन रूपे आहेत: अंतरासाठी ‘फार्दर’ आणि ‘फर्दर’ दोन्ही चालतात, पण ‘आणखी, पुढील’ या अर्थाने फक्त ‘फर्दर’, उदाहरणार्थ ‘फर्दर इन्फर्मेशन’. ‘ओल्ड’पासून ‘ओल्डर’ आणि ‘एल्डर’ अशी दोन रूपे निघतात. ‘एल्डर’ घरातील नात्यांपुरते आणि नामाच्या आधी वापरतात, जसे ‘माय एल्डर सिस्टर’. त्याच्यापुढे ‘दॅन’ येत नाही. ‘माझी बहीण माझ्यापेक्षा मोठी आहे’ याला ‘माय सिस्टर इज ओल्डर दॅन मी’ असेच म्हणावे लागते.

दोन्ही युक्त्या एकाच शब्दावर लादणे ही फार जुनी खोड आहे. ‘मोर बेटर’ किंवा ‘मोस्ट टॉलेस्ट’ आज अशुद्ध मानले जाते, तरी १६व्या आणि १७व्या शतकातील इंग्रजीत असे दुहेरी प्रयोग चांगले लेखकही करीत असत. मराठी वाचकाने यावर फार हसू नये. ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’, ‘श्रेष्ठ’ यांतील शेवटचा प्रत्यय संस्कृतात ‘सर्वांत’ हाच अर्थ देतो आणि इंग्रजीतील ‘एस्ट’शी त्याचे मूळ एकच आहे. म्हणजे ‘श्रेष्ठ’ हाच मुळात सुपरलेटिव्ह; आपण त्यावर ‘सर्वश्रेष्ठ’ची आणखी एक टोपी चढवतो. ‘स्वादिष्ट’ आणि ‘स्वीटेस्ट’ हे शब्द तर प्रत्ययासकट एकमेकांचे दूरचे भाऊबंद आहेत.

क्रियाविशेषणांना वेगळा नियम नाही. ‘फास्ट’, ‘हार्ड’, ‘सून’ यांना प्रत्यय लागतो आणि ‘केअरफुली’सारख्या ‘ली’ अंती असणाऱ्यांना ‘मोर’.

तिसरी पायरी: ‘दॅन’ आणि त्याच्या दोन्ही बाजू

‘दॅन’ आणि ‘देन’ हे मुळात एकच शब्द होते. पुढे तुलनेच्या अर्थाचा ए-ने आणि वेळेच्या अर्थाचा ई-ने लिहिण्याची पद्धत स्थिरावली. एका अक्षराची ही चूक संगणकाच्या तपासनिसालाही अनेकदा सापडत नाही, कारण दोन्ही शब्द खरे असतात.

त्याहून मोठी गोष्ट अशी, की ‘दॅन’च्या दोन्ही बाजूंना एकाच जातीच्या वस्तू हव्यात. ‘द टेल ऑफ अ फॉक्स इज लाँगर दॅन अ रॅबिट’ या वाक्यात कोल्ह्याच्या शेपटीची तुलना सशाच्या शेपटीशी करायची होती, पण प्रत्यक्षात ती अख्ख्या सशाशी झाली. मराठीत आपण ‘कोल्ह्याची शेपटी सशाच्या शेपटीपेक्षा लांब’ असे म्हणतो किंवा ‘सशाच्यापेक्षा’ म्हणून मोकळे होतो. षष्ठीचा ‘च्या’ काम सांभाळतो. इंग्रजीत ते काम ‘दॅट ऑफ’ करते: ‘लाँगर दॅन दॅट ऑफ अ रॅबिट’. अनेकवचन असेल तर ‘दोज ऑफ’.

‘दॅन’नंतर ‘आय’ की ‘मी’, हा वाद जुना आहे. बोलण्यात आणि बहुतेक लेखनात ‘टॉलर दॅन मी’ सर्रास चालते. कडक औपचारिक लेखनात ‘दॅन आय’ किंवा त्याहून बरे म्हणजे ‘दॅन आय ॲम’. माझ्या मते वादात पडण्यापेक्षा क्रियापद जोडून टाकावे, कारण त्यामुळे संदिग्धताही जाते. ‘शी लाइक्स मॅथ्स मोर दॅन मी’ याचे दोन अर्थ निघतात: मला गणित जेवढे आवडते त्याहून तिला ते अधिक आवडते, किंवा तिला माझ्यापेक्षा गणित अधिक प्रिय आहे. ‘दॅन आय डू’ लिहिले की पहिला अर्थ पक्का होतो आणि ‘दॅन शी लाइक्स मी’ लिहिले की दुसरा.

‘एनी’ आणि ‘एनी अदर’ यांतील फरक सूर्यमालेवरून चटकन समजतो. ‘जुपिटर इज लार्जर दॅन एनी अदर प्लॅनेट’ या वाक्यात ‘अदर’ हवाच, कारण गुरू स्वतः ग्रह आहे आणि ‘अदर’ गाळला तर तो स्वतःपेक्षाही मोठा ठरतो. पण ‘द सन इज लार्जर दॅन एनी प्लॅनेट’ या वाक्यात ‘अदर’ चुकीचा, कारण सूर्य ग्रहांच्या गटात मोडतच नाही. मराठीतील ‘इतर कोणत्याही’ हा शब्दप्रयोग कानाला इतका सवयीचा असतो, की तो अशा ठिकाणीही शिरतो.

लॅटिनमधून आलेल्या काही शब्दांपुढे ‘दॅन’ येत नाही, ‘टू’ येतो: सीनियर, ज्युनियर, सुपीरिअर, इन्फीरिअर, प्रायर, आणि ‘प्रिफर’ हे क्रियापद. या विशेषणांत ‘अधिक’ हा अर्थ आधीच भरलेला असल्याने त्यांना ‘मोर’ही लागत नाही. माझ्या पहिल्या नोकरीच्या अर्जात मी स्वतः ‘मोर सीनियर दॅन’ असे ठणकावून लिहिले होते. एका शब्दसमूहात दोन चुका, आणि त्याही भाषेच्या कामासाठीच्या अर्जात. ‘ही इज सीनियर टू मी’ एवढेच पुरेसे होते.

चौथी पायरी: फरक किती, ते सांगणे

‘तो माझ्यापेक्षा खूप उंच आहे’ यातील ‘खूप’साठी हात आपोआप ‘व्हेरी’कडे जातो आणि ‘व्हेरी टॉलर’ तयार होते. ‘व्हेरी’ मूळ रूपासोबत चालतो, कम्पॅरेटिव्हसोबत नाही. तिथे ‘मच’, ‘फार’ किंवा ‘अ लॉट’ हवा: ‘मच टॉलर’. फरक थोडा असेल तर ‘अ लिटल’ किंवा ‘स्लाइटली’, आणि ‘त्याहूनही’ म्हणायचे असेल तर ‘ईव्हन’. सुपरलेटिव्हला जोर द्यायचा तर ‘बाय फार द बेस्ट’.

फरक मोजून सांगायचा असेल तर मोजमाप विशेषणाच्या लगेच आधी येते. एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर आणि के-टूची ८,६११ मीटर मानली जाते. म्हणून ‘एव्हरेस्ट इज अबाउट टू हंड्रेड अँड थर्टी एट मीटर्स हायर दॅन के-टू’. पटीत सांगायचे झाले तर ‘टाइम्स ॲज ... ॲज’ ही रचना सर्वांत सुरक्षित. गुरूचा व्यास पृथ्वीच्या सुमारे ११ पट आहे: ‘जुपिटर इज अबाउट इलेव्हन टाइम्स ॲज वाइड ॲज द अर्थ’. ‘दुप्पट’साठी ‘ट्वाइस ॲज’. ‘थ्री टाइम्स बिगर’ असेही लोक लिहितात, पण तिप्पट आकार की तिपटीने वाढ, असा प्रश्न चिकित्सक वाचक त्यावर उभा करू शकतो.

‘लेस’ आणि ‘फ्यूअर’ यांचाही इथेच निवाडा करावा. मोजता न येणाऱ्या गोष्टींसाठी ‘लेस वॉटर’, मोजता येणाऱ्यांसाठी ‘फ्यूअर बुक्स’. गंमत अशी, की हा नियम १७७० मध्ये रॉबर्ट बेकर या इंग्रज लेखकाने केवळ स्वतःची पसंती म्हणून मांडला होता; पुढे त्याला कायद्याचे रूप आले. पैसे, अंतर आणि वेळ यांच्या आकड्यांसोबत मात्र आजही ‘लेस दॅन’ हेच स्वाभाविक आहे: ‘लेस दॅन टेन किलोमीटर्स’.

पाचवी पायरी: समानता आणि सारखेपणा

‘इतका ... जितका’साठी ‘ॲज ... ॲज’ वापरतात आणि मधले विशेषण मूळ रूपातच राहते. ‘ॲज टॉलर ॲज’ असे कधीच होत नाही. नकारात ‘नॉट ॲज टॉल ॲज’ किंवा ‘नॉट सो टॉल ॲज’, दोन्ही चालतात. आखूड विशेषणांसोबत ‘लेस टॉल दॅन’ म्हणण्यापेक्षा ही नकारी रचनाच कानाला बरी लागते.

‘सारखा’ या आपल्या एका शब्दासमोर इंग्रजी चार-पाच दारे उघडते. अगदी तोच असेल तर ‘द सेम ॲज’. मिळताजुळता असेल तर ‘सिमिलर टू’. वेगळा असेल तर ‘डिफरंट फ्रॉम’. ‘लाइक’ आणि ‘ॲज’ यांच्यात तर अर्थच पालटतो. ‘शी स्पोक लाइक अ डॉक्टर’ म्हणजे ती डॉक्टरसारखी बोलली, पण ती डॉक्टर नसावी. ‘शी स्पोक ॲज अ डॉक्टर’ म्हणजे ती डॉक्टर म्हणून बोलली, डॉक्टर आहेच. मराठीतील ‘सारखी’ आणि ‘म्हणून’ यांच्यातील अंतर जितके स्पष्ट, तितकेच हे. पुढे पूर्ण वाक्य येत असेल तर औपचारिक लेखनात ‘लाइक’ टाळून ‘ॲज’ वापरावा.

सहावी पायरी: ‘सर्वांत’ आणि ‘द’

सुपरलेटिव्हच्या आधी ‘द’ हवा, कारण गटातून एकच निवडला जातो. आधी ‘माय’, ‘हर’ असा स्वामित्वदर्शक शब्द असेल तर ‘द’ गळतो: ‘माय बेस्ट फ्रेंड’. गट कोणता हे सांगताना जागा किंवा संस्था असेल तर ‘इन’ (‘द टॉलेस्ट बॉय इन द क्लास’), आणि संख्या किंवा व्यक्तींचा समूह असेल तर ‘ऑफ’ (‘द टॉलेस्ट ऑफ द थ्री’). गट दोघांचाच असेल तर ‘सर्वांत’ हा अर्थ असूनही काटेकोर लेखनात कम्पॅरेटिव्ह वापरून ‘द टॉलर ऑफ द टू’ असे म्हणतात. ‘वन ऑफ द’नंतर नाम अनेकवचनी येते, आणि ‘वन ऑफ द बेस्ट बुक’ ही चूक छापील जाहिरातींतही दिसते.

‘मोस्ट’ प्रत्येक वेळी सुपरलेटिव्ह नसतो. ‘मोस्ट पीपल’ म्हणजे बहुतेक लोक, तिथे ‘द’ नको आणि ‘ऑफ’ही नको, ‘अ मोस्ट इंटरेस्टिंग लेक्चर’ म्हणजे अत्यंत रंजक व्याख्यान. शिवाय ‘युनिक’, ‘परफेक्ट’, ‘कम्प्लीट’ यांसारख्या पूर्णत्व सांगणाऱ्या विशेषणांना चढउतार नसतो असे व्याकरणे सांगतात. अमेरिकेच्या १७८७च्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकेत मात्र ‘मोर परफेक्ट युनियन’ हे शब्द आहेत, त्यामुळे हा नियम फार कडकपणे दुसऱ्यावर लादू नये. स्वतःच्या औपचारिक लेखनात तो पाळलेला बरा.

जोडीने येणारी रचना

‘जितके लवकर तितके बरे’ यासाठी ‘द सूनर, द बेटर’. इथे दोन्ही भागांत ‘द’ आणि दोन्ही भागांत कम्पॅरेटिव्ह येते, आणि ते प्रत्येक भागाच्या सुरुवातीला येते: ‘द मोर यू रीड, द ईझिअर इट बिकम्स’. दिवसेंदिवस वाढत जाणाऱ्या गोष्टीसाठी रूपाची द्विरुक्ती करतात: ‘कोल्डर अँड कोल्डर’. ‘मोर’ लागणाऱ्या शब्दात द्विरुक्ती फक्त ‘मोर’ची होते: ‘मोर अँड मोर डिफिकल्ट’.

शेवटची पायरी: डिग्री बदलून पाहणे

परीक्षेतील ‘चेंज द डिग्री’ हा प्रश्न अनेकांना यांत्रिक वाटतो, पण आपल्याला तुलनेचा अर्थ नेमका कळला आहे का, हे तपासायला त्याच्याइतके चांगले साधन नाही. ‘एव्हरेस्ट इज द हायेस्ट माउंटन इन द वर्ल्ड’ घ्या. कम्पॅरेटिव्हमध्ये ते ‘एव्हरेस्ट इज हायर दॅन एनी अदर माउंटन इन द वर्ल्ड’ होते. ‘अदर’ का आला, हे वर पाहिलेच आहे. पॉझिटिव्हमध्ये नकार पुढे येतो: ‘नो अदर माउंटन इन द वर्ल्ड इज ॲज हाय ॲज एव्हरेस्ट’. आता के-टूबद्दल ‘वन ऑफ द हायेस्ट माउंटन्स’ म्हटले, तर ‘एनी अदर’ चालणार नाही, कारण एव्हरेस्ट त्याच्याहून उंच आहेच. तिथे ‘हायर दॅन मोस्ट अदर माउंटन्स’ आणि ‘व्हेरी फ्यू माउंटन्स आर ॲज हाय ॲज के-टू’ ही रूपे येतात.

दोघांच्या तुलनेत एक सापळा आहे. ‘व्हीनस इज हॉटर दॅन मर्क्युरी’ हे वाक्य खरे आहे. बुध सूर्याला अधिक जवळ असला तरी शुक्राचे दाट वातावरण उष्णता कोंडून ठेवते. त्याचे पॉझिटिव्ह रूप ‘मर्क्युरी इज नॉट ॲज हॉट ॲज व्हीनस’. घाईत ‘मर्क्युरी इज नॉट हॉटर दॅन व्हीनस’ असे लिहिले, तर व्याकरण बिनचूक राहते, पण बुध आणि शुक्र सारखेच तापलेले असण्याची शक्यता त्यात उघडी राहते आणि मूळ वाक्याने तर ती आधीच बंद केलेली होती.